दोरीखालची माती

मातीवाल्या बाईंनी फाटकातच सगळ्यांना बुटांवर चढवायला निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या. स्वतःच्याच कारखान्यात शिरायचं आणि तेही पाय झाकून, याचं दादाला हसूसुद्धा आलं नाही. बाबा असते तर त्यांनी त्या पिशव्या बाईंच्या हातात परत ठेवल्या असत्या आणि या मातीवर आमची तीन पोरं रांगली आहेत म्हणून सुनावलं असतं. नेमकं तेच आज कुणी बोलू नये, एवढीच दादाची इच्छा होती.

बाई सरकारी प्रयोगशाळेतल्या, तिशीच्या आसपासच्या. गेले दोन महिने त्या येऊन जागोजागी भोकं पाडत होत्या आणि मातीच्या बरण्या भरून नेत होत्या, म्हणून वहिनीनं त्यांचं नाव मातीवाल्या बाई ठेवलं होतं. आज त्या अहवाल घेऊन आल्या होत्या आणि सह्या घेऊन जाणार होत्या. योजनेची मुदत आज पाचला संपत होती. दादानं सगळ्यांना तीनलाच बोलावलं होतं, कारण आपल्या माणसांना एका कागदावर सही करायला दोन तासही पुरत नाहीत हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

आईला बाबांच्या खुर्चीवर बसवलं. वहिनीनं थर्मासमधला चहा सगळ्यांना दिला. काचेच्या पलीकडच्या खोलीत साहेब आपल्या कामाला लागलेला होता.

साहेब म्हणजे सगळ्यांत धाकटा भाऊ. वय त्रेचाळीस आणि समज सहा-सात वर्षांच्या मुलाची. लहानपणी बाबांच्या टेबलावर चढून दिसेल त्या कागदावर शिक्का मारायचा, तेव्हा कामगारांनी त्याला साहेब केलं ते केलंच. आज त्याला कपाटात तोच शिक्का सापडला होता आणि तो कोऱ्या पावत्यांवर मोठ्या गंभीरपणे ठोके घालत होता. शाई कधीच वाळून गेली होती, पण त्याचं काही अडत नव्हतं. मघाशी त्यानं बाईंना आपली ओळखही करून दिली होती. ‘मला ताईनं पाडलं,’ असं तो प्रत्येक नव्या माणसाला सांगतो, कुणी आपलं गाव सांगावं तसं. त्यात राग नसतो. ताई शेजारी असली तर मान डोलावते.

वयानं ताई दादाहून तीन वर्षांनी लहान. पण साहेब तिला ताई म्हणतो म्हणून सगळं घरच म्हणायला लागलं, दादासुद्धा.

योजना तशी सरळ होती. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, त्यातलं शिसं वितळवायचं आणि त्याच्या विटा ओतायच्या हा बाबांचा धंदा. कारखाना बंद होऊन सतरा वर्षं झाली, तरी कुंपणाच्या आत गवतही धड उगवत नव्हतं. अशी जागा कुणी फुकटही घेत नाही. पण आता सरकार वरची माती आपल्या खर्चानं उचलून नेणार होतं, बांधणाऱ्याला काही वर्षं कर माफ करणार होतं, आणि तिथे घरं उभी राहिली की मूळ मालकाच्या वारसांनाही त्यात घरं मिळणार होती. अट एकच. या जमिनीतल्या शिशानं माणसांना अपाय होतो हे घरातल्या कुणालाही माहीत नव्हतं, असं सगळ्या वारसांनी लिहून द्यायचं. माहीत असून गप्प बसलेल्यांसाठी दुसरा फॉर्म होता. त्यांची जमीन सरकारजमा व्हायची. सफाई तरीही व्हायची, आणि तिथे राहून गेलेल्या प्रत्येक माणसाला शोधून त्याचं रक्त तपासलं जायचं. मालकाच्या हाती मात्र काही लागायचं नाही.

घराची सगळ्यांत जास्त गरज ताईला होती. आईला आणि साहेबाला घेऊन ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती, आणि घरमालकानं जागा सोडायला सांगितलं होतं. दुसरीकडे चौकशीला गेलं की लोक तिच्याशी गोड बोलायचे, मग त्यांची नजर साहेबावर जायची आणि खोली कालच गेल्याचं त्यांना आठवायचं. साहेबाची पालक म्हणून त्याच्या वतीनंही तिनंच सही करायची होती. म्हणजे चार वारसांतल्या दोन सह्या तिच्या हातात होत्या.

दादानं सगळ्यांच्या आधी सही उरकली. न वाचता केल्यासारखी केली, पण त्यातली प्रत्येक ओळ त्याला पाठ होती. बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटातल्या आतल्या खणात त्याला एका डॉक्टरांचं पत्र सापडलं होतं. ते त्यानं उभ्या उभ्या वाचलं, होतं तिथेच परत ठेवलं, आणि वर्षाच्या आत भट्टी विझवली. लोकांना सांगितलं, धंदा बसला. बापानं उभं केलं आणि पोरानं वर्षात बुडवलं, हे नातेवाइकांचं बोलणं त्यानं तेव्हापासून प्रत्येक लग्नात ऐकलं आणि मान खाली घालून जेवला. आपण तेवढं सोसलं म्हणजे हिशेब मिटला, असं त्याला वाटत आलं होतं. आज ‘कुणालाही माहीत नव्हतं’ या ओळीखाली सही करताना तसं वाटेना.

ताईला नकाशे वाचता येत नसत. पण बाईंनी टेबलावर पसरलेला नकाशा तिला लगेच कळला, कारण त्या चार भिंतींच्या आतच ती लहानाची मोठी झाली होती. इथे भट्टी, इथे बॅटऱ्या फोडायची शेड, इथे आम्ल ओतायचा खड्डा. तिन्ही ठिकाणी लाल रंग होता आणि त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. बाईंना अडलं होतं ते वेगळ्याच जागी. मागे राहत्या खोल्यांची एक रांग होती, बारा खोल्या, आणि बारा दारांसमोर बारा लाल ठिपके आले होते. भट्टी तिथून लांब आणि वारा उलट्या दिशेचा, मग तिथल्या मातीत एवढं शिसं आलं कुठून?

“तिथे कपड्यांच्या दोऱ्या होत्या,” ताई म्हणाली.

आणि मग ती सांगायलाच लागली. कारखान्यातली ती रीत तिला आवडायची, एखाद्या खेळासारखी. कामावरून आलेले कपडे तसेच पाण्यात घालायचे नाहीत. आधी दोरीवर टाकायचे, वेताच्या छडीनं झटकायचे, खाली सारवून ठेवलेल्या जमिनीवर पडलेली करडी धूळ कुंचल्यानं गोळा करायची आणि पत्र्याच्या डब्यात भरायची. ती धूळ म्हणजे शिसंच. शनिवारी डबे भट्टीवर जात आणि पुन्हा वितळत. बाबांच्या राज्यात काहीही वाया जात नसे. भरलेल्या डब्यामागे ते बायकांना साबणाची एक वडी देत, त्यामुळे बाराही दारांत संध्याकाळी अगदी चढाओढ लागायची. आईचा डबा नेहमी पहिला भरायचा, कारण बाबांचे कपडे सगळ्यांत मळके.

“आणि तुम्ही मुलं?”

“आम्ही तिथेच. हा तर डब्यापाशीच बसायचा.” ताईनं काचेकडे बोट केलं. “बोटं बुडवून चाटायचा. गोड लागते म्हणे ती धूळ. किती वेळा त्याचं तोंड पुसलंय मी.”

बाई लिहायच्या थांबल्या. तेव्हा तो केवढा होता, हे त्यांनी विचारलं. वर्षाचा असल्यापासून, ताई म्हणाली. मग तिनंच विचारलं की लहान मुलाच्या पोटात ते गेलं तर काय होतं. बाईंनी एकदा दादाकडे बघितलं. दादा खिडकीबाहेर बघत होता.

बाईंनी सरळ सांगितलं. मूल उशिरा बोलतं. शिकवलेलं डोक्यात टिकत नाही. अंगानं वाढतं, पण समज मागे राहते. एकदा गेलेलं परत भरून येत नाही.

“आणि पडून असं होतं का?” ताईनं विचारलं. “तीन पायऱ्यांवरून. कडेवरून. अकरा महिन्यांचा होता. रडला, मग झोपला, आणि सकाळी उठून दूध प्यायला.”

बाई म्हणाल्या, मी डॉक्टर नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते लपवण्याइतकं त्यांचं वय झालेलं नव्हतं. त्यांनी घाईनं नकाशावरच्या शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. बारा ठिपक्यांतला हा कोपऱ्यातला फारच फिका आला होता. माती तीच, दोरी तीच, मग इथे एवढं कमी का? या दाराशी ती धूळ पडायची फार आधी थांबली असणार, बाकी अकरा दारांशी मात्र पडत राहिली. इथे कोण राहायचं?

कोपऱ्यातली खोली यांचीच होती.

दादा एकदम उठला. बाई, एवढं सगळं जुनं आता कुणाला आठवणार, म्हणाला, आणि आम्हाला जरा घरातलं बोलायचं आहे. बाई समजल्या. दोन्ही फॉर्म टेबलावर ठेवून, मी पावणेपाचला येते, असं सांगून त्या मागच्या अंगणात गेल्या.

ताई नकाशाकडे बघत राहिली. नऊ वर्षांची असताना तिनं भावाला कडेवरून पाडलं, ही तिच्या आयुष्यातली एकच मोठी घटना होती. बाकी सगळं त्याच्या मागून आलं. शाळा सुटली ती त्याला सांभाळण्यासाठी. चोविसाव्या वर्षी एका शाळामास्तरांनी तिला मागणी घातली, साहेबालाही आपल्यासोबत राहू दे म्हणाले, तरी तिनं नको सांगितलं, कारण ज्या मुलीनं भावाचं आयुष्य घालवलं तिनं संसार मांडून बसायचं, हे तिलाच पटेना. तिला कुणी कधी दोष दिला नव्हता. पण नाही, तुझ्यामुळे झालं नाही, असंही घरात कुणी कधी म्हणालं नव्हतं.

“आई,” ती म्हणाली, “आपण कपडे झटकणं कधी बंद केलं गं?”

वहिनी आली होती ती दादाच्या बाजूनं. सही व्हावी, ताईंना हक्काचं घर मिळावं, आणि घरमालकाच्या फोनवर रोज घरी होणारी चर्चा एकदाची संपावी, असं तिला मनापासून वाटत होतं. ताईच्या प्रश्नाचा अर्थ तिला कळला नाही. पण अठ्ठावीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचा कान लाल झालेला तिला कळला. खोटं बोलायची वेळ आली की त्याचा डावा कान आधी लाल होतो, मग तो बोलतो.

“ताई, कशाला उगाच जुनं उकरतेस,” तो म्हणाला. “बाई पुस्तकातलं बोलतात. त्यांना काय माहीत?”

“तुम्हाला काय माहीत आहे?” वहिनीनं विचारलं.

आवाज आला तो बाबांच्या खुर्चीतून.

“त्याला मी सांगितलं नव्हतं. त्याला कागद सापडला.”

आईचं वय अठ्ठ्याहत्तर. एवढ्या वर्षांत तिला पुष्कळ गोष्टींचा विसर पडला होता. हे मात्र विसरावं म्हणून तिनं कसून प्रयत्न केला होता, आणि नेमकं ते जमलं नव्हतं.

साहेब चार वर्षांचा झाला तरी दोनच शब्द बोलायचा, तेव्हा ती दोघं त्याला लांबच्या शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी रक्त घेतलं, आठ दिवसांनी परत बोलावलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो घरी शिशाचं काम चालतं का असा. तिनं पडण्याचं सांगितलं तर त्यांनी ते ऐकूनही घेतलं नाही. बाई, पडून पोर असं होत नाही, हे त्याच्या पोटात गेलं आहे, म्हणाले, आणि तसं पत्रही लिहून दिलं. घरी आल्यावर बाबा म्हणाले, उद्यापासून आपले कपडे भिजवूनच धुवायचे. तिनं विचारलं, आणि बाकीच्यांचे? बाबा म्हणाले, बाकीच्यांना थांबवायचं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगितलं तर उद्या भट्टीवर एक माणूस उभा राहणार नाही.

ती गप्प बसली. त्यानंतर बावीस वर्षं ती आपल्या दारात कपडे भिजवत राहिली आणि शेजारच्या अकरा दारांत बायका साबणाच्या वडीसाठी कपडे झटकत राहिल्या. कुणी विचारलं तर ती सांगायची की छडी मारून मारून माझा खांदा धरला आहे. बायका बिचाऱ्या तिला तेल आणून द्यायच्या.

हे सगळं तिनं आता सांगितलं. थांबत थांबत, पण काही न गाळता सांगितलं. सांगताना ती ताईकडे बघत नव्हती, टेबलाच्या कडेकडे बघत होती.

काचेपलीकडे शिक्क्याचे ठोके चालूच होते.

“तेव्हा मी बारा वर्षांची होते,” ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “मला का नाही सांगितलंस?”

“तू त्याला सांभाळत होतीस.”

“म्हणून?”

आईला उत्तर माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत होतं. आणखी एकदा गप्प बसण्याची ताकद तिच्यात उरली असती तर ती बसली असती.

“तुझ्या मनातून ते गेलं असतं तर तू तुझ्या वाटेनं गेली असतीस,” ती म्हणाली. “लग्न करून गेली असतीस. मग त्याचं कोण होतं? मी किती पुरणार होते? मला वाटलं, आहे तसं राहू दे. तू त्याच्यापाशी राहशील.”

दादानं डोळे मिटून घेतले. पत्राची गोष्ट त्याला माहीत होती. ही माहीत नव्हती.

वहिनी उठून आईसमोर जाऊन उभी राहिली. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, त्याच कोपऱ्यातल्या खोलीत, तिचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. पाण्याची बादली उचललीस, तुला सांगितलं होतं, असं तेव्हा आई म्हणाली होती.

“बादलीमुळे गेलं नव्हतं ना, आई?”

“मला ते नक्की ठाऊक नाही, पोरी.”

“पण तुम्हाला संशय होता.”

आईनं मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची हे वहिनीनं विचारलं नाही. ती वळली आणि जाऊन ताईच्या शेजारच्या खुर्चीवर बसली, आणि त्यानंतर दादाच्या बाजूला कुणीच उरलं नाही.

साडेचार वाजून गेले होते. दादा बोलायला लागला. त्यानं ताईचं काहीही नाकारलं नाही. पत्र सापडल्यावर मी भट्टी बंद केली, म्हणाला. नाव घालवून घेतलं, पण वर्षाच्या वर एक दिवस चालवली नाही. बाबा गेले. आईचं काही राहिलेलं नाही. आता खरं लिहून कुणाचं भलं होणार आहे? जमीन जाईल. तू, साहेब, आई, तिघं रस्त्यावर याल. तुझ्यावर एवढा अन्याय झाला, आणि त्याची भरपाई म्हणून आहे ते घरही तू तुझ्या हातानं घालवणार?

“भट्टी बंद केलीस ते बरं केलंस,” ताई म्हणाली. “ते मला आधी कळलं असतं तर त्या लग्नांतून मी तुझ्या शेजारी बसून जेवले असते.”

दादाला एकदम भरून आलं. एवढ्या वर्षांत त्या गोष्टीबद्दल त्याच्याशी कुणी चांगलं बोललं नव्हतं.

ताई नकाशावरच्या एकेका दारावर बोट ठेवत गेली. इथे भट्टीवाले राहायचे, त्यांच्या मुलीला झटके यायचे. बाहेरचं काहीतरी आहे म्हणून तिला कुठे कुठे नेऊन आणायचे. इथे पहारेकरी, त्यांचे दोन्ही मुलगे दर वर्षी नापास व्हायचे आणि ते त्यांना पट्ट्यानं मारायचे. मधल्या दारात ती उंच बाई, तिच्या तान्ह्या मुलाला पाजताना तिचा डोळा लागला होता आणि त्यामुळे ते तसं झालं, असं तिची सासू सांगायची. ताईला सगळी दारं आठवत होती आणि प्रत्येक दाराचं एकेक कारणही आठवत होतं.

“त्या घरांमध्येही कुणी ना कुणी पाडलंच असेल, दादा. ती सगळी माणसं अजून तेच धरून बसली असतील. मी त्यांच्या वाटचं लिहून दिलं की कुणालाच काही माहीत नव्हतं, तर त्यांना कोण सांगणार आहे?”

“आणि घर?”

“घराची मला भीती वाटते,” ती म्हणाली. “खूप वाटते. साहेबाला घेऊन कुठे जाणार ते मला आत्ता सुचत नाही. पण या कागदाखाली माझा हात चालणार नाही.”

आमच्याकडे या, असं वहिनी म्हणाली. दादाच्या दोन खोल्यांत सध्या किती माणसं झोपतात हे तिघांनाही माहीत होतं. मग दादा उठला, बाबांच्या कपाटाचा आतला खण त्यानं ओढून काढला आणि घडीवर पिवळं पडलेलं ते पत्र ताईसमोर ठेवलं. आपला आधीचा सही केलेला फॉर्म त्यानं मधून फाडला. एवढं झाल्यावर तो खुर्चीत बसला आणि म्हाताऱ्या माणसासारखा दिसायला लागला.

बाई पावणेपाचला आल्या, तेव्हा टेबलावर दुसरा फॉर्म भरायला घेतलेला होता. त्यांनी पत्र वाचलं. मग ताईला कुठे काय लिहायचं ते त्या शेजारी बसून दाखवत राहिल्या.

बाधित व्यक्ती, या सदराखाली ताईनं साहेबाचं खरं नाव लिहिलं. पुढच्या चौकोनात कारण लिहायचं होतं. शाळेत, दवाखान्यात, सरकारी दाखल्यांवर, जिथे जिथे हा चौकोन आला तिथे तिनं आजवर स्वतःच्या अक्षरात ‘लहानपणी पडल्यामुळे’ असंच लिहिलं होतं. ते दोन शब्द लिहिताना तिला कधी विचार करावा लागला नव्हता. आज पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. खोटं असलं तरी ते तिचं होतं, आणि ते हातातून सुटल्यावर हातात दुसरं काय धरायचं हे तिला कळेना. ती रडायला लागली. वहिनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, पण घाई केली नाही. मग ताईनं लिहिलं, ‘कारखान्यातील शिसे पोटात गेल्यामुळे,’ आणि साहेबाला हाक मारली. बाधित व्यक्ती म्हणून त्याला अंगठा उमटवायचा होता. ओली शाई बघून तो फार खूश झाला.

दादानं सही केली. आईनं कुणी न सांगता पेन मागून घेतलं, आणि तिची वाकडीतिकडी सही व्हायला बराच वेळ लागला.

बाहेर आल्यावर आईनं सवयीनं ताईकडे हात केला. ताईनं तो धरला, तिला सांभाळून पायऱ्या उतरवून आणलं, आणि आपल्या रोजच्या वाटेनं न नेता दादाच्या गाडीपाशी नेऊन आत बसवलं. वहिनीला आईच्या गोळ्यांच्या वेळा सांगितल्या. सकाळची जेवणाआधी, रात्रीची जेवणानंतर.

“काही दिवस तुमच्याकडे राहू दे तिला,” ती म्हणाली.

“मला सोडून चाललीस,” आई म्हणाली.

ताई गाडीच्या दाराला धरून खाली वाकली, आईचा चेहरा दिसेल इतकी.

“आई, तू तेव्हा सांगितलं असतंस ना, तरी मी त्याला टाकून गेले नसते. माझा भाऊ आहे तो. फक्त इतकी वर्षं त्याची माफी मागत राहिले नसते.”

“मला तसं वाटलं नाही गं तेव्हा.”

“मला विचारलं नाहीस तू,” ताई म्हणाली, आणि साहेबाला घेऊन बसथांब्याकडे निघाली.